नोंदींचं नवं सॉफ्टवेअर: ठेवायचं की काढायचं

सात-आठ जणांनी मिळून वापरायचं, नोंदी ठेवण्याचं एक नवं सॉफ्टवेअर आम्ही तीस दिवस तपासलं. पहिला दिवस इन्स्टॉल करण्यात घालवला नाही. तो एका कोऱ्या कागदावर गेला. कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: आत्ता कुठलं काम अडतंय, नव्यामुळे त्यात नेमका काय फरक पडायला हवा, आणि काय दिसलं तर ते त्याच दिवशी काढून टाकायचं. यातली तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची. ती आधी लिहिली नाही, तर महिनाभरानंतर प्रत्येक दोष ‘चालवून घेऊ’ असा वाटू लागतो, कारण तोवर त्यात आपले कितीतरी तास गेलेले असतात. ‘जोडलेल्या फाइलींसकट सगळ्या नोंदी बाहेर काढता आल्या नाहीत तर बाद’, ‘नेट नसताना लिहिलेलं एकदा जरी हरवलं तर बाद’ अशी साफ वाक्यं हवीत. ‘वापरायला सोपं असावं’ हे वाक्य कागदावर निरुपयोगी आहे, त्याचं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही.

दुसऱ्या ओळीसाठी मोजमाप लागतं, आणि ते जुन्याचं आधी घ्यावं लागतं. रोजची पाच कामं निवडली: नवी नोंद करणं, सहा महिन्यांपूर्वीची नोंद शोधणं, फोटो जोडणं, एखादी नोंद दुसऱ्याला पाठवणं आणि फोनवरून दुरुस्ती करणं. प्रत्येक काम जुन्या पद्धतीनं दहा वेळा करून स्टॉपवॉचवरचे सेकंद लिहून काढले. सरासरी काढली नाही. दहा आकडे चढत्या क्रमानं लावून पाचव्या आणि सहाव्याच्या मधला आकडा धरला. एकदा मशीन दीड मिनिट अडकलं की सरासरी पार बिघडते. मधला आकडा जागचा हलत नाही. ते अडकणं मात्र वेगळं लिहून ठेवायचं, ते वारंवार होत असेल तर तोही निकालाचा भाग आहे. जुन्याचे आकडे हातात नसतील तर पुढे सगळी तुलना आठवणीवर चालते, आणि आठवण बहुधा नव्याच्या बाजूनं झुकते.

चाचणीची मुदत बहुतेक ठिकाणी चौदा किंवा तीस दिवसांची असते आणि ती खातं उघडल्या क्षणापासून मोजली जाते. म्हणून नमुन्याच्या नोंदी तयार होईपर्यंत खातं उघडायचंच नाही. कार्डाची माहिती मागितली असेल तर खातं उघडल्यावर लगेच नूतनीकरणाच्या अटी वाचायच्या. काही सेवांमध्ये सबस्क्रिप्शन आधीच रद्द केलं तरी उरलेले दिवस वापरता येतात, काहींमध्ये खातं तिथल्या तिथे बंद होतं. दुसऱ्या प्रकारात मुदत संपायच्या तीन दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावायची. शेवटच्या दिवशीची लावली तर वेळेचा पट्टा (टाइम झोन) वेगळा असल्यानं एक दिवस हुकू शकतो. फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झालं, असा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही, ते अ‍ॅप स्टोअर किंवा प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन वेगळं रद्द करावं लागतं.

इन्स्टॉल करायचं ते रोजच्या मशीनवर नाही. विंडोजच्या प्रो आणि एंटरप्राइज आवृत्त्यांत विंडोज सँडबॉक्स मिळतो, म्हणजे मुख्य मशीनला धक्का न लावता सॉफ्टवेअर चालवून पाहण्याची वेगळी खिडकी. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे तो पहिल्या तासाभराच्या ओळखीपुरता चांगला. लांबच्या चाचणीसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळं मशीन करून इन्स्टॉल करण्याआधी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या अवस्थेची परत जाता येईल अशी प्रत, घेतला. सॉफ्टवेअर मशीनमध्ये कुठे कुठे हातपाय पसरतं, हे तिथेच कळतं. इन्स्टॉलच्या आधी आणि नंतर टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी आणि सॉफ्टवेअर जिथे आपल्या फाइली ठेवतं त्या अ‍ॅपडेटामधल्या फोल्डरांची यादी घेऊन दोन्ही शेजारी ठेवल्या. मशीन सुरू होताच न विचारता चालू होणारं काही त्यात दिसलं तर त्याची नोंद करायची. ते बंद केल्यावर पुढच्या अपडेटनंतर पुन्हा चालू होतं का, हेही पाहायचं.

खरी परीक्षा नमुन्याच्या निवडीपासून सुरू होते. आम्ही दोनशे नोंदी घेतल्या. दीडशे कुठल्याही, डोळे मिटून काढलेल्या. उरलेल्या पन्नास मुद्दाम अवघड: खूप लांब नोंद, नोंदीतला तक्ता, एकाच नावाच्या दोन फाइली, शून्यानं सुरू होणारे क्रमांक, सोळा अंकी क्रमांक, दहा वर्षांपूर्वीची तारीख, नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणारा दुवा, इमोजी, आणि जोडाक्षरांनी भरलेला मराठी मजकूर. कंपनीनं दाखवायला दिलेल्या नमुन्यात यातलं काहीही नसतं, म्हणून त्या नमुन्यावर सगळं गोड दिसतं.

या दोनशे नोंदी आत घातल्या आणि एक अक्षरही न बदलता लगेच बाहेर काढल्या. आत-बाहेरची ही फेरी खातं उघडलं त्याच दिवशी करायची. बहुतेक लोक बाहेर काढण्याची सोय सोडून जायच्या दिवशी पहिल्यांदा उघडतात आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. बाहेर आलेला माल जुन्याशी ताडून पाहायचा. नोंदींची संख्या जुळली म्हणून थांबायचं नाही. जोडलेल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या आशयावरून काढलेला लांब आकडा, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो) आधी आणि नंतर काढायचा. दोन्ही ठसे तंतोतंत सारखे आले तरच फाइल जशीच्या तशी परतली. आमच्या फेरीत फोटो लहान होऊन परत आले. डोळ्यांना फरक कळत नव्हता, ठशानं तो पकडला. सेटिंगमध्ये फोटो दाबून लहान करण्याचा पर्याय आधीपासून चालू होता. तो बंद करून दुसऱ्यांदा फेरी केली तेव्हा ठसे जुळले.

तारखांचं वेगळंच घोडं अडलं. सगळ्या नोंदींची ‘तयार केल्याची तारीख’ आत आणण्याच्या दिवसाची झाली. दहा वर्षांचा क्रम एका दिवसात गोळा झाला, की ‘त्या वर्षीच्या नोंदी दाखव’ हा शोधच संपतो. यावर उपाय असा, की मूळ तारीख नोंदीच्या पहिल्या ओळीत मजकूर म्हणून घालायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमानं. दिवस आणि महिना यांची अदलाबदल ही तर नेहमीची चूक. ३ एप्रिल आणि ४ मार्च एकमेकांच्या जागी जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. म्हणून नमुन्यात बारापेक्षा मोठ्या दिवसाच्या तारखा असतात तशा लहान दिवसाच्याही हव्यात. मोठा दिवस चुकला तर सॉफ्टवेअर ओरडतं, लहान दिवस चुकला तर सगळं गप्प.

सीएसव्ही फाइलबद्दल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण निम्मे घोटाळे तिच्यात होतात आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतप्रणालीत लिहिलेली फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली आणि फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची खूण नसली, तर एक्सेल तिला जुन्या संकेतप्रणालीतली समजतं आणि देवनागरीच्या जागी अर्थहीन लॅटिन अक्षरं दिसतात. फाइल तेव्हाही ठणठणीत असते. डेटा टॅबमधून आयात करून यूटीएफ-८ निवडलं की मराठी जागेवर येतं. बिघडलेल्या अवस्थेत ती सेव्ह केली तर मात्र नुकसान कायमचं. शून्यानं सुरू होणाऱ्या क्रमांकातली पुढची शून्यं एक्सेल उडवतं, आणि पंधरा अंकांपलीकडचे अंक शून्य करून टाकतं. अशा रकान्यांना आयात करतानाच ‘मजकूर’ म्हणून खूण करायची, नंतर केल्यानं गेलेले अंक परत येत नाहीत. मजकुराची आपोआप तारीख होण्याचा त्रास तर इतका मोठा, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० साली ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी नावं बदलून ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी केली. अलीकडच्या एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करता येतं, पण ते प्रत्येक मशीनवर आठवणीनं करावं लागतं.

ओळींच्या मर्यादेचंही तसंच. जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून निसटले होते, त्याच्या मुळाशी हीच जुनी मर्यादा होती. नमुना दोनशेचा असताना अशी गोष्ट कधीच दिसणार नाही. म्हणून त्याच नोंदींच्या प्रती करून चाचणीतला साठा आपल्या आजच्या साठ्याच्या दहापट केला आणि आत-बाहेरची फेरी पुन्हा केली. या फेरीत बाहेर काढण्याचं काम मध्येच थांबलं आणि तरीही पडद्यावर ‘पूर्ण’ असंच दिसलं. वर्षावर्षानं तुकडे करून काढल्यावर सगळं आलं. हा तोडगा त्याच दिवशी कागदावर गेला.

मराठी मजकुरासाठी वेगळी कसोटी लावली. ‘दऱ्या’ हा शब्द त्यासाठी उत्तम आहे. त्यातला ऱ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, र आणि खाली नुक्ता (टिंब) असाही लिहिता येतो. शिवाय र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरीही रीत आहे. डोळ्यांना तिन्ही सारखेच. चांगला शोध पहिले दोन प्रकार तरी एकच मानतो. कच्चा शोध फोनवर लिहिलेली ‘दऱ्या’ कॉम्प्युटरवर शोधूनही दाखवत नाही, आणि माणसाला वाटतं नोंद हरवली. तिन्ही प्रकारे लिहून तिन्ही प्रकारे शोधलं, म्हणजे नऊ शोध झाले. या सॉफ्टवेअरनं पहिले दोन ओळखले, तिसरा नाही. मग सगळ्यांच्या फोनवर आणि मशीनवर एकाच पद्धतीचा कीबोर्ड ठेवायचं ठरलं. पीडीएफ काढून त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला. वेलांट्या आणि रफार जागा सोडतात का, ते इथे कळतं. दिसायला सुबक असलेली पीडीएफ आतून मोडलेली असू शकते, आणि तशी असेल तर तिला राखीव प्रत मानता येत नाही.

मग वापर सुरू झाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते सॉफ्टवेअरला अक्षरशः लागू पडतं. त्या दिवसांतलं कौतुकही धरायचं नाही आणि चिडचिडही धरायची नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या टेबलावर चार रकान्यांचा कागद ठेवला: वेळ, काम, कुठे अडलं, मग काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यांत बोलका. ‘जुन्यात जाऊन पाहिलं’, ‘तोंडी विचारलं’, ‘स्वतःलाच मेल केला’ अशा नोंदी ज्या कामासमोर येतात, ते काम नव्यात बसलेलं नाही. लोक अडल्याची नोंद सहसा करत नाहीत, आपल्यालाच येत नाही असं त्यांना वाटतं. म्हणून आधीच सांगायचं, की अडणं हा सॉफ्टवेअरचा निकाल आहे, माणसाचा नाही.

हे कागद दर आठवड्याला एकत्र करून पाहिले. पहिल्या आठवड्यातली अडचण तिसऱ्या आठवड्यात दिसेनाशी झाली तर ती शिकण्याची किंमत होती, एकदाच भरायची. तीच अडचण चौथ्या आठवड्यातही त्याच जागी असेल तर ती कायमची किंमत, आणि ती रोज, प्रत्येकानं भरायची आहे. स्टॉपवॉचची मोजणी दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी पुन्हा केली. नवी नोंद करायला दोन्ही वेळा जुन्यापेक्षा जास्त सेकंद लागले, शोधायला मात्र बरेच कमी. आमच्या कागदावरची पहिली ओळ ‘जुन्या नोंदी सापडत नाहीत’ अशी होती, म्हणून हा सौदा परवडला. ज्यांना दिवसभर फक्त भराभर टिपायचं आहे, त्यांनी याच आकड्यांवर हे सॉफ्टवेअर बाद करायला हवं.

नेट नसतानाची चाचणी कधीही टाळू नये. दोन यंत्रांवर एकच नोंद उघडली, दोन्हीचं नेट तोडलं, एकावर पहिली ओळ बदलली, दुसऱ्यावर शेवटची, आणि मग नेट जोडलं. तीन गोष्टी घडू शकतात. दोन्ही बदल एकत्र येतात. दोन प्रती तयार होतात आणि निवड आपल्यावर सोडली जाते. किंवा नंतरचा बदल आधीच्याला गुपचूप पुसून टाकतो. तिसरं घडलं तर पुढे पाहायची गरज नाही, कारण काय हरवलं हेच कधी कळणार नाही. पुढच्या फेरीत दोन्ही यंत्रांवर तीच ओळ बदलली, आणि त्याही पुढच्या फेरीत एका यंत्राचं घड्याळ दहा मिनिटं मागे ठेवलं. शेवटचा बदल कुठला हे घड्याळावरून ठरवणारी सॉफ्टवेअर्स इथे चुकतात. या सॉफ्टवेअरनं दोन्ही फेऱ्यांत दोन प्रती केल्या. तो दिवस समाधानाचा गेला.

सॉफ्टवेअरच्या मागे कोण आहे, हेही पाहावं लागतं, पण नाव मोठं असणं ही हमी नव्हे. ब्लॉग आणि बातम्या एका जागी वाचण्याचं गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं, कामांच्या याद्या ठेवणारं वंडरलिस्ट ६ मे २०२० रोजी, अ‍ॅटम हा कोड लिहिण्याचा एडिटर १५ डिसेंबर २०२२ रोजी. तिन्हींच्या मागे मोठ्या कंपन्या होत्या. गूगल रीडरची सदस्यत्वांची यादी ओपीएमएल या खुल्या स्वरूपात बाहेर काढता येत होती, म्हणून यादी नव्या ठिकाणी नेणं हे काही मिनिटांचं काम होतं. वाचवलं ते फाइलच्या स्वरूपानं. त्यामुळे नोंदी साध्या मजकुरात, मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणारा मजकूर) किंवा एसक्यूलाइटसारख्या खुल्या डेटाबेसच्या स्वरूपात राहतात का, याला आमच्या लेखी बाकी सगळ्या सोयींहून जास्त वजन आहे. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत ते चालू ठेवण्याचा आपला इरादा जाहीर केलेला आहे. सोर्स कोड खुला असला तरी परवाना वाचायचा. सर्व्हरची मांडणी कोडमधून करणाऱ्या टेराफॉर्मचा खुला परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलून बंधनं घालणारा झाला आणि त्यातून ओपनटोफू वेगळं निघालं. ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस निघालं ते २०१० साली. खुल्या परवान्यामुळे अशी दुसरी वाट काढता येते, पण ती काढायला कुणीतरी हात लागतात. म्हणून शेवटची आवृत्ती कधी आली आणि नोंदवलेल्या दोषांना उत्तरं मिळतात का, हे पाहून घ्यायचं.

किमतीचा हिशेब माणशी, दरमहा, छत्तीस महिन्यांचा मांडायचा. बाहेर काढण्याची सोय, दोन टप्प्यांचं लॉगिन आणि जुन्या आवृत्त्यांचा इतिहास या तीन गोष्टी नेमक्या कुठल्या योजनेत आहेत ते पाहायचं. बऱ्याचदा त्या वरच्या योजनेत असतात आणि तुलना मात्र खालच्या योजनेच्या किमतीशी केली जाते. पूर्ण सांकेतिक संरक्षण (एंड-टू-एंड एन्क्रिप्शन) असेल तर पासवर्ड विसरल्यावर कंपनीही नोंदी उघडून देऊ शकत नाही. अशा वेळी परत मिळवण्याची चावी कागदावर छापून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची.

पंचविसाव्या दिवशी जुन्या साठ्यातल्या फाइलींच्या बदलाच्या तारखा पाहिल्या. बैठकीत सगळे ‘छान आहे’ म्हणतात. तारखा वेगळं सांगतात. दोन जण अजून जुन्यातच लिहीत होते. विचारल्यावर कारण कळलं: फोनवरून फोटो जोडायला पाच टप्पे लागत होते. होम स्क्रीनवर शॉर्टकट ठेवल्यावर ते दोनवर आले. उपाय सापडला नसता तर ते दोघं जुन्यातच राहिले असते आणि नोंदी कायमच्या दोन जागी विभागल्या गेल्या असत्या. दोन जागी नोंदी ठेवणं हे एका वाईट जागी ठेवण्यापेक्षाही वाईट.

अठ्ठाविसाव्या दिवशी निर्णय. गुणांचा तक्ता आम्ही केला नाही. दहा किरकोळ गुण मिळून एका घातक दोषाला झाकून टाकतात, हा त्या तक्त्याचा धोका आहे. पहिल्या दिवशीच्या कागदावरची ‘बाद’ची वाक्यं एकेक वाचली आणि प्रत्येकासमोर पुरावा ठेवला: ठशांची यादी, नेट तोडलेल्या फेऱ्यांची नोंद, दहापट साठ्याची फेरी. नोंदींवरच्या टिप्पण्या बाहेर येत नाहीत, एवढा एक दोष उरला. तो ‘बाद’च्या यादीत नव्हता. टिप्पणीची सोय वापरायची नाही, जे काही म्हणायचं ते नोंदीतच तारीख घालून लिहायचं, या अटीवर सॉफ्टवेअर ठेवलं. जुना साठा फक्त वाचण्यापुरता खुला ठेवला, पुसला नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या नोंदी वर्षावर्षाच्या तुकड्यांत बाहेर काढायच्या आणि दर तिमाहीला त्यातला एक तुकडा रिकाम्या खात्यात परत घालून उघडतो का ते पाहायचं, असं ठरलं.

काढून टाकायचं ठरलं असतं तर क्रमही लिहून ठेवलेला होता, आणि तो उलटसुलट झाला की त्रास होतो. आधी सगळं बाहेर काढून तपासायचं. मग सबस्क्रिप्शन रद्द. मग ईमेल, कॅलेंडर, साठवणुकीच्या सेवा यांना दिलेल्या परवानग्या त्या त्या सेवेच्या सुरक्षिततेच्या पानावरून मागे घ्यायच्या, कारण खातं पुसल्यावर त्या परवानग्या आपोआप जातीलच असं नाही. मग खातं पुसायचं, आणि सगळ्यांत शेवटी अनइन्स्टॉल. त्यानंतरही विंडोजवर अ‍ॅपडेटा आणि प्रोग्रॅमडेटामध्ये, मॅकवर लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये, लिनक्सवर कॉन्फिग आणि कॅश या लपलेल्या फोल्डरांमध्ये अवशेष राहतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘रिमूव्ह’ या आज्ञेनं सेटिंगच्या फाइली मागे राहतात. ‘पर्ज’ वापरलं तर यंत्रणेच्या फोल्डरांतल्या जातात, वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या मात्र हातानंच पुसाव्या लागतात. इन्स्टॉलच्या आधी घेतलेली फोल्डरांची यादी इथे पुन्हा कामाला येते.

पहिला कागद आता सॉफ्टवेअरची आवृत्ती, तारीख आणि टिप्पण्यांची अट लिहून त्या मासिक प्रतींच्या फोल्डरमध्ये ठेवलेला आहे.